पाच हजारांतले पाऊणशे



संयोजकांनी मला विषय दिला होता दुसऱ्या महायुद्धातलं कोल्हापूर. एवढा पसारा तासाभरात आवरायचा म्हणजे नावं आणि तारखा धडाधड ऐकवून खाली बसायचं. ते मला जमणार नाही आणि तुम्हालाही सोसणार नाही. म्हणून त्या विषयाचा एक कोपरा तेवढा उचलला आहे. कोल्हापुरातल्या ख्रिस्ती दफनभूमीत पोलंडच्या माणसांच्या कबरी आहेत. संख्या सुमारे पाऊणशे. १९४३ ते १९४८ या काळात वळिवडे गावाजवळच्या छावणीत जवळजवळ पाच हजार पोलिश निर्वासित राहत होते. बाकीचे गेले, हे राहिले.

वळिवड्याची गोष्ट आता कोणाला अपरिचित नाही. महावीर उद्यानातला स्तंभ १९९८ पासून उभा आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये पोलंडचे उपपरराष्ट्रमंत्री इथे आले आणि वळिवड्यात स्मृतिस्तंभाचं अनावरण झालं. ऑगस्ट २०२४ मध्ये आपले पंतप्रधान वॉर्सात गेले, तिथल्या कोल्हापूर स्मारकावर त्यांनी फुलं वाहिली, आणि मग काय विचारता! कोल्हापूरच्या महाराजांनी पाच हजार पोलिश लोकांना आसरा दिला, हा मजकूर त्या आठवड्यात इतक्या फोनांवर फिरला की आता तो इतिहासच होऊन बसला आहे. मला आज त्या मजकुराशी भांडायचं आहे. साक्षीला ह्या कबरी आहेत.

आपल्याला गोष्टीत राजा लागतो. राजा असला की दानत आली, दानत आली की शेवट गोड झाला. पण १९४३ साली कोल्हापूरच्या गादीवर कोण होतं? राजाराम महाराज नोव्हेंबर १९४० मध्ये निवर्तले होते. त्यांना पुत्र नव्हता. दत्तक घेतलेले शिवाजी महाराज छावणी उभी राहिली तेव्हा जेमतेम दीड-दोन वर्षांचे होते, आणि सप्टेंबर १९४६ मध्ये ते वारले तेव्हा त्यांना पाचवं वर्षही पुरं झालेलं नव्हतं. महाराणी ताराबाई रीजंट म्हणून कारभार बघत होत्या, आणि संस्थानावर इंग्रज सरकारची नजर होती. देवासहून शहाजी महाराज गादीवर आले ते १९४७ मध्ये, म्हणजे छावणी आवरायला लागली तेव्हा. आता सांगा, निर्वासितांसाठी दार उघडणारा तो राजा यातला कोणता?

ही गोष्ट खरं तर जामनगरची आहे. नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी १९४२ मध्ये समुद्राकाठी बालाचडीला पोलिश मुलांसाठी छावणी उभारली. शेकडो मुलं, त्यातली कितीतरी अनाथ. जामसाहेबांनी त्यांना आपलं म्हटलं, आणि पोलंड ते विसरलेला नाही: वॉर्सात त्यांच्या नावाची शाळा आहे, त्यांच्या नावाचा चौक आहे. बालाचडी १९४६ मध्ये बंद झाली तेव्हा तिथली मुलं वळिवड्याला आली. मुलांबरोबर गोष्टही आली असावी. जामसाहेबांच्या अंगरख्यातला महाराज आपण काढला आणि कोल्हापूरच्या गादीवर बसवला.

वळिवड्याची घडण निराळी. ती छावणी हा तीन सरकारांमधला व्यवहार होता: लंडनमधलं ब्रिटिश सरकार, दिल्लीतलं भारत सरकार आणि लंडनमध्येच आश्रयाला असलेलं पोलंडचं निर्वासित सरकार. जागा कोल्हापूर संस्थानातली, बांधकाम इंग्रज सरकारचं, खर्चाचा भार पोलिश सरकारच्या खात्यावर. छावणीचे कमांडंट पोलिशच होते, कॅप्टन व्लादिस्वाव यागिएवोविच. मुंबईतले पोलिश वाणिज्यदूत युजेनिउश बानाशिन्स्की आणि त्यांच्या पत्नी कीरा यांनी या सगळ्या कामात जीव ओतला. कीराबाई पुढे भारतातच राहिल्या आणि इथेच वारल्या. हे सांगून मी कोल्हापूरचं काही हिरावून घेतोय असं कृपा करून समजू नका. कोल्हापूरच्या वाट्याचं श्रेय आहे, बरंच आहे. ते राजवाड्यात शोधू नये एवढंच म्हणणं आहे.

ही माणसं होती कोण, ते थोडक्यात सांगितलं पाहिजे. सप्टेंबर १९३९ मध्ये जर्मनीने पश्चिमेकडून आणि १७ तारखेला सोव्हिएत रशियाने पूर्वेकडून पोलंड खाल्ला. पूर्वेकडच्या भागातून १० फेब्रुवारी १९४० च्या कडाक्याच्या थंडीत पहिलं मोठं हद्दपारीचं सत्र झालं. रात्री दार ठोठावायचं, तासाभरात सामान बांधा म्हणायचं, आणि मालगाडीच्या डब्यात घालून अर्खांगेल्स्कच्या जंगलात, सायबेरियात, कझाकस्तानात नेऊन टाकायचं. अशी चार सत्रं झाली, शेवटचं जून १९४१ मध्ये. मग हिटलर रशियावर उलटला, स्टालिनला मित्र हवे झाले, आणि ज्यांनी गुन्हाच केला नव्हता त्या पोलिश लोकांना ‘माफी’ मिळाली. जनरल आंदेर्स यांनी रशियाच्या भूमीवर पोलिश फौज उभी केली. फौजेच्या मागे बायका, मुलं, म्हातारी माणसं चालत, रांगत, मिळेल त्या गाडीला लोंबकळत दक्षिणेकडे निघाली. १९४२ मध्ये दोन टप्प्यांत कास्पियन समुद्र ओलांडून एक लाखाच्या वर माणसं इराणात पाहलवी बंदराला उतरली. पुरुष फौजेत गेले. उरलेल्यांना कुठेतरी ठेवायला हवं होतं. कोणी पूर्व आफ्रिकेत गेले, कोणी न्यूझीलंडला, कोणी मेक्सिकोला. आणि कराचीमार्गे काही इथे, पंचगंगेच्या खोऱ्यात.

म्हणून वळिवड्यात पुरुष कमी दिसत. छावणी बायकांची आणि पोरांची. कौलारू छपरं, बांबूच्या तट्ट्यांच्या भिंती, अशा लांबच लांब बराकी. त्यात कुटुंबागणिक खोल्या, पुढे पडवी. प्राथमिक शाळा, माध्यमिक शाळा, दवाखाना, नाट्यगृह, बालवीरांची पथकं, आणि अर्थातच चर्च. कुटुंबांना भत्ता रोख मिळे आणि चुली आपापल्या होत्या. ही गोष्ट किरकोळ वाटेल, पण माझ्या मते छावणीचं सगळं सुख तिच्यात होतं. तीन वर्षं दुसऱ्याने फेकलेल्या तुकड्यावर जगलेल्या बाईला बाजारात जाऊन स्वतः बटाटे निवडता येणं, भाव पाडता येणं, हे काय असतं ते आपल्या आयाबहिणींना विचारा. ते बटाटे विकणारी माणसं कोल्हापूरची होती. अंडीवाले, दूधवाले, टांगेवाले, शिंपी, सफाई कामगार, बराकी बांधणारे गवंडी. छावणी उभी राहिली ती ह्या लोकांच्या रोजच्या देवघेवीवर. श्रेयाचे पहिले मानकरी मी त्यांना धरतो, मात्र त्यांचं नाव कुठल्याच स्तंभावर नाही.

आता कबरींकडे येऊ.

दफनभूमी हा प्रकार कोल्हापूरला नवा नव्हता. आपल्याकडे पंचगंगेच्या काठची स्मशानभूमी आहे, लिंगायतांच्या रुद्रभूमी आहेत, मुसलमानांची कबरस्तानं आहेत. ख्रिस्ती माणसंही होतीच. रॉयल वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी १८५२ मध्ये इथे आले, तेव्हापासून कोल्हापुरात प्रॉटेस्टंट ख्रिस्ती समाज आहे. कॅथलिक त्या मानाने मूठभर, पुणे धर्मप्रांताच्या छत्राखालचे. त्या मूठभरांच्या गावात अचानक पाच हजार कॅथलिक येऊन राहिले. नुसतंच संख्येने पाहिलं तर १९४४ साली सांगली-कोल्हापूरच्या टापूत सर्वांत गजबजलेलं कॅथलिक गाव वळिवडे असणार. त्यांचे धर्मगुरू त्यांच्याबरोबरच आलेले होते. फादर लिओपोल्ड डालिंगर हे त्यांतले प्रमुख. म्हणजे बाप्तिस्मा, लग्न आणि अंत्यविधी हे सगळं स्वतःच्या भाषेत, स्वतःच्या गाण्यांसह.

आणि मृत्यू किती? इथे मला थोडं गणित करू द्या, कंटाळू नका. साधारण पाच हजार वस्ती, साडेचार-पाच वर्षं, पाऊणशेच्या आसपास कबरी. वर्षाला हजारामागे तीन ते चार मृत्यू. १९४१ ते १९५१ या दशकात भारताचा मृत्युदर हजारी सत्तावीसच्या पुढे होता. पुन्हा १९४३ हे छावणी सुरू होण्याचं वर्ष, आणि बंगालच्या दुष्काळाचंही तेच वर्ष. एकाच इंग्रज सरकारच्या राज्यात कलकत्त्याच्या रस्त्यावर माणसं पेजेसाठी टाचा घासत मरत होती, आणि वळिवड्यात मृत्यू इतका दुर्मीळ झाला होता. मला यात पोलिश निर्वासितांचा हेवा करायचा नाही. सरकारने मनावर घेतलं, अन्न पोचवलं, दवाखाना चालवला, पाणी स्वच्छ ठेवलं की त्याच हवेत, त्याच डासांत, त्याच पावसात माणसं जगतात, याचा हा पुरावा आहे. तो पुरावा तेव्हा कोणी बंगालच्या संदर्भात वापरला नाही, ही गोष्ट वेगळी.

गणितातली एक खोटही सांगतो. वळिवड्याची वस्ती तरुण होती. तान्ही मुलं थोडी आणि जख्ख म्हातारे त्याहून थोडे, कारण ते वाटेतच गळाले होते. तेहरानमध्ये दुलाब नावाची कॅथलिक दफनभूमी आहे. तिथे दोन हजारांच्या आसपास पोलिश कबरी आहेत, बहुतेक १९४२ च्या सुमाराच्या. टायफस, हगवण, आणि सगळ्यांत वाईट म्हणजे उपाशी पोटाला एकदम मिळालेलं अन्न. पाहलवीच्या किनाऱ्यावर आणखी शेकडो. त्याआधी उझबेकिस्तान, कझाकस्तान, आणि त्याआधी रशियातली जंगलं. तिथे किती पुरले त्याचा हिशेब कोणाकडे नाही, कारण गोठलेल्या जमिनीत खड्डा खणायची ताकद नसलेल्या माणसांनी आपले मृत बर्फात ठेवले आणि गाडी सुटली म्हणून ते पुढे गेले. कोल्हापूरला पोचले ते मरण चाळून उरलेले.

इथे माझ्या मुद्द्याच्या गाभ्याशी मी येतो. वळिवड्यात राहणाऱ्या जवळजवळ प्रत्येक घरात असा एक तरी माणूस होता ज्याची कबर नव्हती. कोणाचं बाळ डब्यातच गेलं, कोणाची आजी कुठल्याशा सामुदायिक शेतावर. आणि नवऱ्यांचं काय? १३ एप्रिल १९४० ला कझाकस्तानात पाठवलेल्या कुटुंबांतले बरेच पुरुष अटकेत होते: पोलिश सैन्याचे अधिकारी, आणि राखीव दलातले म्हणजे एरवीचे डॉक्टर, शिक्षक, वकील. त्यांची पत्रं त्याच वसंतात बंद पडली. का बंद पडली ते जगाला १३ एप्रिल १९४३ ला कळलं, जेव्हा जर्मनांनी जाहीर केलं की स्मोलेन्स्कजवळ कातिनच्या जंगलात पोलिश अधिकाऱ्यांची प्रेतं सापडली आहेत, मानेत गोळी घातलेली. स्टालिनच्या हुकमाने सुमारे २२,००० माणसं अशी मारली गेली होती. त्याच १९४३ च्या उन्हाळ्यात वळिवड्याच्या बराकी भरायला लागल्या. याद्या हळूहळू येत होत्या. नवरा जिवंत आहे की खड्ड्यात आहे हे न कळलेल्या बायका इथे आपल्या बाजारात बटाटे निवडत होत्या.

अशा माणसांना कोल्हापुरात कोणी वारलं तर शवपेटी मिळत होती. धर्मगुरू मिळत होता. आधीच आशीर्वाद दिलेली जमीन, क्रूस, क्रूसावर नाव, जन्माचं साल, मृत्यूचा दिवस. तीन वर्षांत त्या समाजाला आपला माणूस नावानिशी आणि नीट पुरता येण्याची सोय आत्ता आत्ता मिळाली होती. कोल्हापूरने त्यांना घरं दिली, शाळा दिल्या, असं आपण म्हणतो. घरं-शाळा त्यांनी पुढे इंग्लंडात, कॅनडात, ऑस्ट्रेलियातही मिळवल्या. ही पाऊणशे मोजकी, नाव असलेली मरणं मात्र त्यांना इथेच मिळाली. म्हणून मी म्हणतो की छावणीचा इतिहास वाचायचा तर स्तंभांपेक्षा आधी कबरी वाचाव्यात.

कोल्हापूरला हे कळायला हरकत नव्हती, कारण कोल्हापूरवर नेमकी उलटी वेळ आलेली होती. छत्रपती राजाराम महाराज, मघाशी सांगितले ते नव्हेत, त्यांच्या कितीतरी आधीचे, १८७० मध्ये इंग्लंडला गेले होते. परतीच्या वाटेवर फ्लॉरेन्समध्ये ३० नोव्हेंबरला ते वारले, ऐन विशीत. परमुलुख, दहनाची तिथे रीत नाही, कायदा नाही. तरीही फ्लॉरेन्सने आर्नो नदीच्या काठी, दुसऱ्या एका ओढ्याच्या संगमावर, त्यांचं दहन होऊ दिलं. १८७४ मध्ये त्या जागी छत्री उभी राहिली. शिल्प इंग्रज मूर्तिकार फुलर यांचं आणि आराखडा मेजर मँट यांचा, ज्यांनी पुढे आपला नवा राजवाडा योजला. नंतर शेजारी पूल झाला तर लोकांनी त्यालाही ‘त्या हिंदी माणसाचा पूल’ म्हणायला सुरुवात केली. इटालियन लोकांच्या तोंडी महाराजांचं नाव नीट बसलं नसेल, पण जागा मात्र त्यांनी सांभाळली आहे.

मग त्यात आणि ह्यात फरक काय? फरक हा की राजाराम महाराजांच्या पाठीशी संस्थान होतं, तिजोरी होती, इंग्रज पोलिटिकल एजंट होता. वळिवड्याच्या मृतांच्या पाठीशी जे एक सरकार होतं तेही नाहीसं झालं. फेब्रुवारी १९४५ मध्ये याल्टाला बड्या तिघांनी पोलंडची पूर्व सीमा सरकवली आणि ह्या लोकांची गावंच सोव्हिएत रशियात गेली. त्याच वर्षी जुलैत ब्रिटनने लंडनमधल्या पोलिश सरकारची मान्यता काढून घेतली. युद्ध जिंकलेल्या बाजूची ही माणसं एका सकाळी उठली तेव्हा त्यांना परत जायला घर नव्हतं आणि मागे उभं राहायला सरकार नव्हतं. सांभाळ संयुक्त राष्ट्रांच्या मदतसंस्थांकडे गेला. मग काही जण नव्या पोलंडात परतले, बरेच जण फौजेतल्या आपल्या माणसांपाठोपाठ इंग्लंडला गेले, काही आफ्रिकेतल्या छावण्यांत. एक मुलगी इथल्या मराठी तरुणाशी लग्न करून कोल्हापुरातच नांदली. १९४८ मध्ये बराकी रिकाम्या झाल्या.

रिकाम्या राहिल्या मात्र नाहीत. फाळणीने सिंधमधून उखडलेली कुटुंबं त्याच बराकींत आणून ठेवली गेली आणि वळिवड्याच्या छावणीचं गांधीनगर झालं. आज तिथे कापडाची केवढी बाजारपेठ आहे हे तुम्हाला सांगायला नको, तुमच्यातल्या निम्म्यांची लग्नाची खरेदी तिथलीच असेल. एका निर्वासिताने सोडलेली खोली दुसऱ्याला मिळाली. पण सिंधी मंडळींचे मृत सिंधमध्ये राहिले होते आणि पोलिश मंडळींचे इथे. त्या कबरींवर यायला त्या वेळी कोणी उरलं नव्हतं. कॅथलिक रिवाजात १ आणि २ नोव्हेंबरला सर्व संतांचा आणि सर्व मृतांचा दिवस असतो. पोलंडात त्या संध्याकाळी अवघी गावं दफनभूमीत जमतात, कबरीगणिक दिवे लावतात. आपल्या दिवाळीच्या आगेमागेच ते दिवस येतात. नोव्हेंबर १९४८ मध्ये दिवा लावणारे लोक इथून गेलेले होते.

आणि कोल्हापूरचंही चित्त तेव्हा थाऱ्यावर नव्हतं. ते साल आठवा. गांधीजींच्या खुनानंतर इथे जाळपोळ झाली, चित्रपट-दिग्दर्शक भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ त्यात जळाला. प्रजा परिषद, विलीनीकरण, १ मार्च १९४९ ला संस्थान मुंबई राज्यात गेलं. छावणी संस्थानाच्या काळात आली आणि संस्थानाच्या शेवटाबरोबर मिटली. दप्तर बदललं, अधिकारी बदलले. नव्या राज्यात त्या कबरींना विचारणारा कोणी कारकून नव्हता.

पोलंडने तरी विचारावं? तिथे १९८९ पर्यंत कम्युनिस्ट सत्ता होती. १९४० च्या हद्दपारीबद्दल, कातिनबद्दल उघडपणे बोलायला बंदी होती. वळिवड्याची आठवण काढायची म्हणजे आम्ही भारतात पोचलो कसे ते सांगावं लागणार, आणि ते सांगायला लागलं की सायबेरिया आलाच. म्हणजे कोल्हापुरातल्या कबरींवर पन्नास वर्षं जे गवत वाढलं त्यातलं बरंचसं मॉस्कोत पेरलेलं होतं. मधल्या काळात आठवण जिवंत ठेवली ती लंडनमध्ये स्थायिक झालेल्या छावणीतल्या मुलांनी. त्यांनी संघटना काढली, एकमेकांच्या आठवणी आणि कागदपत्रं गोळा करून जाडजूड ग्रंथ केला, आणि १९९८ चा महावीर उद्यानातला स्तंभ उभा राहिला तो त्यांच्याच खटपटीने. मागाहून भारतीय अभ्यासकांनीही लिहिलं. अनुराधा भट्टाचार्जी यांचं ‘द सेकंड होमलँड’ २०१२ मध्ये आलं. मराठीत या विषयावर अजून बातम्याच जास्त आहेत, पुस्तकं कमी. तक्रार म्हणून सांगत नाही, पण सांगतो.

वॉर्सातलं कोल्हापूर स्मारक मोंते कॅसिनोच्या लढाईच्या स्मारकाजवळ आहे, हेही योग्यच झालं. मे १९४४ मध्ये इटलीतला तो डोंगर आंदेर्स यांच्या फौजेने घेतला. तिथल्या पोलिश दफनभूमीत हजाराहून जास्त सैनिक आहेत. त्यांच्यातल्या काहींच्या बायका आणि बहिणी त्या वेळी वळिवड्यात होत्या. आणि त्याच इटलीच्या मोहिमेत आपली मराठा पलटण होती. माणगाव तालुक्यातले नाईक यशवंत घाडगे जुलै १९४४ मध्ये तिथे पडले, मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, आणि त्यांचं नाव कॅसिनोच्याच एका स्मारकावर कोरलेलं आहे. पोलंडची माणसं आपल्या मातीत, आपली त्यांच्या शेजारी तिसऱ्याच देशात. देण्याघेण्याचा हा हिशेब दोन्ही बाजूंनी भरलेला आहे, म्हणून निदान आपण तरी उपकारकर्त्याच्या आवाजात बोलू नये.

एका माणसाबद्दल सांगायचं राहिलं. वळिवड्याच्या बालवीर पथकांचं काम बघायला एक तरुण पोलिश अधिकारी आला होता, झ्जिस्वाव पेश्कोव्स्की. हा कोझेल्स्कच्या तुरुंगात होता, ज्या तुरुंगातल्या जवळजवळ सर्वांना कातिनला नेऊन मारलं. जे मोजके वाचले त्यांतला हा एक. छावणीतल्या मुलांना तंबू ठोकायला, गाठी मारायला, गाणी म्हणायला शिकवणाऱ्या ह्या माणसाला माहीत होतं की ह्यातल्या काहींचे वडील आपल्या शेजारच्या फळीवर झोपत होते. युद्धानंतर तो अमेरिकेत गेला, १९५४ मध्ये धर्मगुरू झाला, आणि उत्तरायुष्य त्याने एकाच कामाला दिलं: कातिनच्या मृतांना नावं आणि कबरी मिळवून देणं. २००० साली कातिन, खारकीव आणि मेद्नोये या तिन्ही ठिकाणी पोलिश दफनभूमी खुल्या झाल्या. फादर पेश्कोव्स्की २००७ मध्ये वारले. वळिवड्याला काय महत्त्व, असं मला कोणी विचारलं की मी हे नाव सांगतो.

आता थोडं कामाचं. संग्रहालयाचं बोलणं गेली काही वर्षं चालू आहे. व्हावं, जरूर व्हावं, पण संग्रहालय म्हटलं की जागा आली, निविदा आली, उद्घाटनाला कोणाला बोलवायचं हा प्रश्न आला. तोवर करण्यासारखं एक काम आहे आणि त्याला इमारत लागत नाही. कबरींची यादी. कॅथलिक चर्चमध्ये मृतांची नोंदवही ठेवण्याचा दंडक चारशे वर्षांचा आहे; नाव, वय, विधी कोणी केला, कुठे पुरलं. दगडावरचं नाव झिजलं तरी वहीतलं मिळू शकतं, आणि वहीत चूक असेल तर दगड दुरुस्त करतो. दोन्ही ताडून पाहणं हे इतिहासाच्या एमएच्या चार-पाच विद्यार्थ्यांचं एका उन्हाळी सुट्टीचं काम आहे. नावं पोलिश वर्णमालेत आणि देवनागरीत, दोन्हींत लिहावीत. देवनागरीत ती बरी बसतात, इंग्रजीपेक्षा किती तरी बरी. ज, झ, च, श यांची त्यांच्याकडेही चंगळ आहे. प्रत एक दफनभूमीत, एक विद्यापीठाच्या ग्रंथालयात, एक वळिवडे ग्रामपंचायतीत आणि एक वॉर्साला.

छावणीत मुलं म्हणून राहिलेले आता नव्वदीच्या आसपास आहेत, प्रवास त्यांना झेपत नाही. येतात त्यांची नातवंडं. त्यांना पणजीची, नाहीतर पणजीच्या बहिणीची कबर बघायची असते, आणि हातात असतं फक्त एक आडनाव. रिक्षावाल्याने त्यांना महावीर उद्यानात नेलं, तर स्तंभ बघून ती परत जातात. दफनभूमीच्या फाटकापाशी यादी असेल तर रिक्षावाला त्यांना तिथे सोडेल, आणि आत गेल्यावर ओळ कितवी आणि कबर कितवी, हे त्यांचं त्यांना सापडेल.